ओल्या दोराची गाठ

॥ श्री ॥
अक्कलकुवा, ८ जुलै २०२५

ती. आक्काआत्यास,
तेजस्वीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी बोलते, तू ऐकतेस, आणि पलीकडून उत्तर येतं ते धैर्यशीलचं, की आत्या मान हलवतेय. चैत्रात तुझ्या गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज गेला, आता पावसाळा लागला, पण मला अजून सवय होत नाही. परवा फोन ठेवला आणि स्टाफरूममध्येच रडले. मोबाइलवर लिहायचं तर अंगठ्यानं कोण लिहितं म्हणून तू तो ढकलून देतेस. म्हणून हे पत्र. कागदावर तरी तू पहिल्यासारखी बोलशील, रागावशील.

नवी नोकरी बरी चालली आहे. गाव आपल्या कोल्हापूरपासून एक दिवस आणि एक रात्र लांब, भाकरी ज्वारीचीच पण चटणी आपली नव्हे. अकरावीच्या मुलांना जादा तासाला एक जुनी कादंबरी सबंध शिकवायची असं प्राचार्यांनी सांगितलं, तर मी आपल्या गल्लीची 'साळूची पोथी'च घेतली. मुलांना गोष्ट अशी सांगितली, बरोबर का बघ. नदीकाठचं गाव. साळूचा नवरा होडी चालवायचा, तो पाण्यात गेला. मग साळू स्वतः होडी चालवू लागली. तिची सासू भागू रोज संध्याकाळी होडीचा दोर खुंट्याला गाठीवर गाठ मारून बांधते आणि रोज सकाळी त्या गाठी सोडवताना साळूची बोटं फुटतात. शेवटी पलीकडच्या गावात तापाची साथ येते, साळू वैद्याची ने-आण करते आणि त्याच तापानं जाते.

मुलं भागूवर भयंकर चिडली आहेत. एकानं तर वहीत तिला शिंगं काढली. भागूचं स्वभावचित्र मी कसं शिकवू ते सांग. परवा आषाढी झाली, म्हणजे मारुतीच्या देवळात पोथी बसली असेल. इतकी वर्षं तू वाचत आलीस, यंदा कोण वाचतंय?

औषधं वेळेवर घे आणि धैर्यशीलला ताईच्या वाटणीचं एकदा ओरड. ओरडता येत नसेल तर डोळे वटार, तो त्यालाच जास्त भितो.

तुझ्या मायेची सवय लागलेली,
तेजस्वी

॥ श्री ॥
शिवाजी पेठ, कोल्हापूर, १७ जुलै २०२५

चि. तेजस्वीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर तुझं अजून कोंबडीच्या पायाचंच आहे, मास्तरीण झालीस तरी. पण पत्र आलं तेव्हा मी चार वेळा वाचलं, हेही लिहून टाकते.

तब्येत ठीक म्हणायची. गळ्याच्या भोकावर जाळीचा रुमाल बांधून बसते. बोलणं गेलं ते एक वेळ परवडलं, पण श्वास नाकानं जात नसल्यामुळे वासही गेला. रविवारी शेजारी तांबडा रस्सा उकळत होता आणि मला धैर्यशीलच्या तोंडाकडे बघून ते कळलं. असा रविवार वैऱ्यावर येऊ नये.

आता भागू. गाईडात तिला 'कजाग सासू' म्हटलं असेल, ते पान फाडून टाक. स्वभावचित्र शिकवताना विशेषणं लावायची घाई करू नये. माणूस काय बोलतं ते नंतर बघ, त्याचे हात काय करतात ते आधी बघ. भागू तोंडानं शिव्या देते आणि हातानं गाठी मारते. ज्या पाण्यानं तिचा मुलगा नेला त्या पाण्यावर सून जाणार, तिला ती तोंडानं अडवू शकत नाही, कारण घरात दाणा त्या होडीवर येतो. मग उरतो दोर. कुणाचं काही राखायचं असेल तर माणूस कसली कसली गाठ मारतं, हे मुलांना विचार. शिंगं काढणाऱ्याला आधी विचार.

पोथी बसली, पण देवळात नाही, आपल्याच सोप्यात, माझ्या खाटेशेजारी. यंदा शेजारची अंबू वाचते. 'नदी' हा शब्द ती अशा जोरानं वाचते की पंचगंगेला वाटावं आपल्यालाच हाक मारली. पण थांबते बरोबर ठिकाणी. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात मीच तिला लिहा-वाचायला शिकवलं, तेव्हा तिचं कौतुक करणं म्हणजे स्वतःची पाठ थोपटणं, तरी करते.

ही पोथी कशी सुरू झाली ते तुला नीट सांगितलेलं नाही. तुम्ही पोरं दुपारची शाळेत असायचा. गल्लीतली म्हातारी तानाबाई एकदा म्हणाली, बाई, तुम्ही शाळेत पोरांना गोष्टी वाचून दाखवता, आम्ही काय पाप केलंय? मी ही कादंबरी काढली. तानाबाईनं तिला लाल फडक्याचं बासन शिवलं, हळद-कुंकू वाहिलं, आणि झाली पोथी. पहिल्या वर्षी शेवटचा अध्याय वाचला, साळू गेली, मी पुस्तक मिटलं, तर तानाबाई माझ्यावर कडाडली. दुःखावर पोथी मिटायची नसते, पुढच्या अध्यायाच्या चार ओळी वाचून मगच मिटायची. मी म्हटलं, पुढं अध्यायच नाही. ती म्हणाली, मग पहिल्यापासनं वाच. मी पहिल्या चार ओळी वाचल्या, आणि माझी वाचाच बसली. तेव्हा नुसती म्हणायला.

त्या ओळी तुलाही पाठ आहेत. 'दोर ओला होता, म्हणून गाठ सुटायला वेळ लागला. पैलतीरी अजून कुणी जागं नव्हतं. तिनं पदर खोचला आणि होडी पाण्यात ढकलली. होडी रोजच्यापेक्षा जड होती.' सगळी गाईडं याला पहाटेचं वर्णन म्हणतात. तर तुला एक प्रश्न घालते. यातली 'ती' कोण? उत्तर वाचून ठरवायचं, अंदाजानं नाही. घाई नाही. पण फार वेळही लावू नकोस.

वर्गात शाबासकी म्हणून मी टेबलावर दोनदा बोट वाजवायचे ते अजून आठवतं का? उत्तर बरोबर आलं की इथं माझ्या बोलायच्या पाटीवर वाजवीन.

आहे तोवर पत्रांची वाट पाहणारी,
आत्या

॥ श्री ॥
अक्कलकुवा, ५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

'ती' म्हणजे साळूच. दुसरी कोण असणार? पुढच्याच पानावर साळूचं लग्न येतं. तू उगीच मला चकवतेस असं वाटतंय. तरी विचार करते.

भागूच्या गाठींचं वर्गात विचारलं. शिंगं काढणारा म्हणाला की तो शिकायला निघाला तेव्हा आजीनं त्याच्या चपला लपवल्या होत्या. मी फळ्याकडे वळले. एक मुलगी आहे, सोमी. तिचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, ती जन्मायच्या आधी. ती म्हणाली, या गोष्टीत नदीला दोन काठ आहेत, आमच्याकडे नदी होती तिथं आता नुसतं पाणी आहे. आत्या, गोष्टीतली जागा ही नुसती गोष्ट घडायची जागा असते की आणखी काही, एवढंच या पत्रात सांग.

दिवाळीत यायचं अजून नक्की नाही. इथं शिबिर लागण्याची शक्यता आहे. आणि तू आता बरीच सावरली आहेस, असं धैर्यशील म्हणतो.

उत्तर सावकाश लिही. दमू नकोस.

तुझी,
तेजस्वी

॥ श्री ॥
शिवाजी पेठ, ११ सप्टेंबर २०२५

चि. तेजस्वीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. गणपती आले आणि गेले, मी खाटेवरूनच हात जोडले. आता जे लिहिते ते बसून वाच.

आधी तुझा प्रश्न. जागा म्हणजे पडदा नव्हे की मागं रंगवून टांगला. ही गोष्ट डोंगरावर घडली असती तर भागूच्या हातात दोर नसता आणि साळूला जायला पैलतीर नसतं. कुठली माणसं कशी होतील ते जागा ठरवते. सोमीला सांग, तिचं बोलणं त्या कादंबरीवर मी वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा बरं आहे.

आता दुसरं. दुखणं छातीत उतरलंय. धैर्यशीलनं रिपोर्ट लपवला, पण तो उद्यमनगरातून कामावरून आला की मैदानावर फुटबॉलला जाईनासा झाला, तेव्हाच मी ओळखलं. पेठेतला पोरगा सरावाला जात नाही म्हणजे घरात कुणीतरी जाणार आहे. डॉक्टरांनी माझ्या पाटीवरच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले. दुखतं फार. पट्ट्या लावतात, गोळ्या नळीतून देतात, त्याचा उपयोग अर्ध्या दिवसापुरता.

आणि तिसरं, जे खरं लिहायचंय. पोथी पुढं सरकत नाही. एरवी गणपतीपर्यंत आम्ही साथीच्या अध्यायाला येतो. यंदा अजून साळूचं लग्नच चाललंय. अंबू एक दिवस चष्मा विसरते, एक दिवस खूण हरवते, एक दिवस कालचंच पान पुन्हा वाचते, आणि बाकीच्या बायका प्रथमच ऐकल्यासारख्या माना डोलावतात. मला आधी राग आला. मग कळलं. पोथी अर्धी टाकून कुणी उठत नाही, यमही उठवत नाही, असं तानाबाई म्हणायची. या बायका मला पोथीनं बांधून ठेवताहेत.

माझा त्यावर विश्वास नाही. पण अंबूचा आहे. उद्या पोथी अर्धी असताना मी गेले, तर ती जन्मभर म्हणत बसेल की आक्काचा जीव त्या अध्यायात अडकला, आणि आपणच अडकवला. तिला ते ओझं देऊन मला जायचं नाही. आणि पोरी, मी दमले. मला तो शेवट ऐकून हवा आहे. एवढंच मागणं उरलंय.

तू दिवाळीला ये आणि शेवटचा अध्याय वाच. शिबिराचं मला सांगू नकोस. तू एका पत्रात एकच प्रश्न विचारतेस, उत्तर सावकाश लिही म्हणतेस, तेव्हा अंबूत आणि तुझ्यात मला काही फरक दिसत नाही. मीच वाढवलेली आहेस, तुझे हात काय करतात ते मला इतक्या लांबून दिसतं.

वाट पाहते.
आत्या

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
शिवाजी पेठ, २३ सप्टेंबर २०२५

चि. तेजस्वीस,
अंबूकाकीचा आशीर्वाद.

काल घट बसले. मी नऊ दिवस अनवाणी आहे. लिहिताना 'आहे' लिहावं, 'हाय' लिहू नये असं आक्कानं शिकवलंय, तरी चुकून आलं तर हसू नकोस. फोन आक्काच्या उशाशीच असतो आणि कान तिचे शाबूत आहेत, म्हणून हे कागदावर.

तू दिवाळीला येऊ नकोस.

वाचून तुला राग येईल. जिनं तुम्हा दोघांना आई गेल्यावर पोटाशी धरलं, तिला बघायला येऊ नको म्हणणारी मी कोण? पण तू आलीस की ती पोथी तुझ्या हातात देणार. तू तिचा शब्द मोडत नाहीस. शेवट वाचून झाला की ती जाईल. तानाबाई उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी गेली. ह्या डोळ्यांनी बघितलंय. लोक म्हणतील अंबूला अक्कल न्हाय. नसू दे.

मी पानं मागं-पुढं करते हे आक्काला कळलंय. ती पाटी आपटती. मी बहिरी झाल्यासारखं करते. परवा साथीचं पान चुकून उघडलं तर मी पटकन लग्नाच्या पानावर आले आणि वरातीचं वर्णन मोठ्यानं वाचलं. आक्का माझ्याकडं बघत राहिली. रागानं न्हाय बघितलं, त्याचं जास्त वाईट वाटलं.

माझा मालक गेला तेव्हा मला सही येत नव्हती. लोकांनी अंगठा धरून काय काय कागदांवर टेकवला असता. आक्का रोज संध्याकाळी यायची आणि माझा हात धरून 'अंबूबाई' लिहून घ्यायची. मला चार माणसांत मान वर करून बसवलं ते तिनं. तिला मी अशी जाऊ देऊ का? तू शिकलेली आहेस, तुझा ह्याच्यावर विश्वास नसंल. पण नुसतं यायचं टाळ. एवढं माझं ऐक.

आई अंबाबाई तुला सुखी ठेवो.
तुझी अंबूकाकी

॥ श्री ॥
अक्कलकुवा, ३ ऑक्टोबर २०२५

ती. अंबूकाकींस,
तेजस्वीचा सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राचा मला राग आला नाही. मी ते वाचून दसऱ्याला सोनंही कुणाला दिलं नाही, दार लावून बसले. कारण तुम्ही जे केलंत तेच मी करत होते. मीही शिबिर काढलं होतं. शिबिर बिबिर काही नाही, काकी.

परवा धैर्यशीलनं कामावरून फोन केला, घराबाहेरून, म्हणून मोकळं बोलला. म्हणाला, औषधाचा जोर उतरला की आत्या खाटेची लोखंडी दांडी धरते आणि तोंड उघडते, पण आवाज येत नाही. तिला ओरडताही येत नाही, तायडे, असं म्हणून तो रडायला लागला. त्याला मी लहानपणीसुद्धा रडताना फारसं ऐकलेलं नाही. गोल चुकला तरी तो शिव्या द्यायचा, रडायचा नाही.

तुम्ही तिला बांधून ठेवलंत त्यात मायाच आहे. पण दुखणं तिच्या एकटीच्या वाट्याला येतंय. मी धनत्रयोदशीला पोचते. शेवटचा अध्याय मी वाचेन. त्याचं पाप लागायचं असेल तर मला लागू दे, तुम्हाला नको. तुम्ही फक्त एक करा. त्या दिवशी तिच्या उजव्या हाताला बसा. तुम्ही उठून गेलात तर तिला ऐकवणार नाही, आणि मला वाचवणार नाही.

तुमचा हात डोक्यावर राहू द्या.
तेजस्वी

॥ श्री ॥
अक्कलकुवा, ३१ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल पोचले. तू पाटीवर लिहिलंस, 'वर्ग वाट बघतोय, जा', आणि मी निघाले. एसटी पुण्याच्या पुढे जाईपर्यंत मी स्वतःशी भांडत होते की का निघालीस. उतरून परत फिरावं असं दोनदा वाटलं. पण तुझं ऐकायची सवय मोडत नाही.

भाऊबीजेची दुपार मला सारखी दिसते. धैर्यशीलला ओवाळलं, मग बायका जमल्या. अंबूकाकी येतील की नाही याची मला धास्ती होती. त्या आल्या, तुझ्या उजव्या हाताला बसल्या आणि पदराचं टोक तुझ्या मुठीत देऊन टाकलं. मी वाचायला लागले. वैद्याला आणताना साळूला पहिली कणकण येते तिथवर माझा आवाज बरा होता. ती अंथरुणाला लागते, भागू तिच्या फुटलेल्या बोटांना तेल लावते, तिथं सुटायला लागला. शेवटचं वाक्य मी कसंबसं वाचलं आणि पुस्तक मिटलं. आत्या, मी ते दुःखावरच मिटलं. पहिल्या पानाचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. सगळ्या बायका दचकल्या.

आणि अंबूकाकींनी पोथी माझ्या मांडीवरून ओढून घेतली. जी बाई तीन महिने शेवट येऊ देत नव्हती, तिनं पहिलं पान उघडलं आणि वाचलं. नेहमीसारखं मोठ्यानं नाही, घरात कुणी झोपलेलं असावं तसं हळू. होडी रोजच्यापेक्षा जड होती, इथं त्या थांबल्या.

तेव्हा मला कळलं. आत्या, ती भागू आहे.

साळू गेल्याची ती दुसरी पहाट आहे. होडी जड आहे कारण सून तिच्यात आहे. रोज गाठी मारणारी म्हातारी आज स्वतःच्या हातानं दोर सोडतेय, साळूला शेवटचं पैलतीरी न्यायला. दोर दवानं ओला असेल, नाहीतर तिच्या डोळ्यांनी. कादंबरी संपते तिथं सुरू होते आणि पुढचं सगळं त्या होडीतून मागं वळून सांगितलेलं आहे. मी हे पुस्तक परीक्षेसाठी किती वेळा वाचलं असेल, पण शेवट वाचून लगेच पहिलं पान मी कधी उघडलंच नव्हतं. तानाबाई कडाडल्या नसत्या तर तूही उघडलं नसतंस.

मी हे तिथंच तुला सांगायला हवं होतं. पण तू डोळे मिटले होतेस आणि अंबूकाकी तुझ्या मुठीतला पदर सोडवत नव्हत्या, तर म्हटलं पत्रात लिहीन. उशीर झाला असला तर रागव. उत्तर बरोबर असलं तर पाटीवर वाजव, धैर्यशील मला सांगेल.

आत्या, मला तुझी फार आठवण येते. तू असतानाच येते.

तुझी,
तेजस्वी

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
शिवाजी पेठ, २० नोव्हेंबर २०२५

चि. तेजस्वीस,
अंबूकाकीचा आशीर्वाद.

रक्षाविसर्जनाला तू आलीस, पण पै-पाहुण्यांच्या गर्दीत दोन शब्द बोलायचे राहिले. फोनवर तर आपण दोघी नुसत्या रडलो. त्या दिवशी काय झालं ते तुला कळायला पाहिजे, म्हणून लिहिते.

तुझं पत्र त्याच दिवशी सकाळी आलं. धैर्यशील दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होता, त्यानं ते माझ्या हातात दिलं. आक्का उशीला टेकून होती. मी सगळं वाचून दाखवलं. तुझी आठवण येते म्हणून लिहिलंस तेही वाचलं. 'ती भागू आहे' हे वाचलं आणि तिनं पाटी जवळ ओढली. मला वाटलं काही लिहिणार. तिनं बोट दोनदा वाजवलं. एवढंच. वाजवताना हसली. तिचं हसू मी चैत्रापासून बघितलं नव्हतं.

मग तिनं बासनाकडं बोट केलं. मी म्हटलं, आक्का, झाली की पोथी, आता पुढच्या आषाढीला. ती मान हलवीना, बोट तसंच. मी लाल फडकं सोडलं. माझा पदर तिच्या मुठीत होता, दुखायला लागलं की ती धरायची आणि मी सोडवून घ्यायची न्हाय. मी पहिल्यापासून वाचायला लागले. दोर ओला होता. पैलतीरी कुणी जागं नव्हतं. तिनं पदर खोचला. होडी जड होती.

तिथं माझा पदर सैल झाला. पोरी, गाठ सुटायला काही येळ लागला न्हाय.

मी थांबले नाही. मला कळलं होतं, तरी थांबले नाही. अध्याय संपेपर्यंत वाचत राहिले, मोठ्यानं, नेहमीच्या आवाजात. धैर्यशील दारातनं मागं फिरला होता, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा गप्प बसले.

मी तिला बांधून ठेवली त्याबद्दल ती माझ्यावर रागावली होती का, हे तुला माहीत असलं तर लिही. नसलं तरी लिही.

पोथी सध्या माझ्याकडं आहे. बासन धुतलं नाही.

तुझी,
अंबूकाकी

॥ श्री ॥
अक्कलकुवा, २९ नोव्हेंबर २०२५

ती. अंबूकाकींस,
तेजस्वीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिटून ठेवता येईना. दुःखावर मिटायचं नाही असं तानाबाईंनी सांगून ठेवलंय, म्हणून या थोड्या ओळी.

ती रागावली नव्हती. मला तिनं लिहिलं होतं की पोथी अर्धी राहिली तर अंबूला ओझं होईल, म्हणून तू येऊन वाच. शेवटचं मागणं तिनं स्वतःसाठी मागितलं असं मला वाटत होतं, ते निम्मं तुमच्यासाठी होतं. भागूच्या गाठीत काय असतं हे तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

काल वर्गात शेवटचा अध्याय झाला. मुलं डोकं खाली घालून बसली. मी त्यांना पहिलं पान उघडायला सांगितलं, काही समजावलं नाही, नुसत्या चार ओळी वाचल्या. मग सोमी उठली आणि हळूच म्हणाली, मॅडम, होडी का जड होती ते आता कळलं. माझं बोट टेबलावर दोनदा वाजलं. मी ते कधी केलेलं नव्हतं, काकी. वाजल्यावर मलाच ऐकू आलं.

येत्या आषाढीला मी येते. पोथी तुम्हीच वाचायची, मी उजव्या हाताला बसेन. तोवर पत्र लिहीत राहा. भागूच्या स्वभावाबद्दल मला अजून पुष्कळ विचारायचंय, आणि आता विचारायला तुम्हीच आहात. लिहिताना 'आहे'च्या जागी 'हाय' आलं तरी चालेल. वाचणारी मीच हाय.

तुमची,
तेजस्वी